मोबाइल कसला, मुंडू होतं ते!

...मोबाइल? अहो, कसला मोबाइल घेऊन बसलात! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं शाळेची बस चालवतोय मी, एकतीस, कुणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का लागलेला नाही, त्रिशूरपासून आमच्या गावापर्यंत कुणालाही विचारा, गंगाधरन म्हणजे काय ते! आणि त्याच गंगाधरनला पंचायतीनं यंदाच्या रस्ता सुरक्षा सप्ताहात शाल पांघरायचं ठरवलेलं, 'सर्वांत सुरक्षित चालक' म्हणून, शनिवारी, स्टेजवर, सासरची सगळी माणसं पहिल्या रांगेत... आणि बुधवारी घरी काय येतं? नोटीस! म्हणे स्कूटर चालवताना मोबाइल वापरला. फोटोसकट! एक नाही, पाच फोटो, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं काढलेले!

आता ऐका. मी सकाळी स्कूटरवरून बसच्या शेडला जातो. वर शर्ट, खाली मुंडू, म्हणजे आमची पांढरी लुंगी हो, गुडघ्यांच्या वर दुमडून कंबरेला खोचलेलं. सगळा गाव तसाच जातो, खाकी पँट काय ती शेडवर चढवायची. आणि चर्चच्या वळणावर, बरोब्बर त्या कॅमेऱ्याच्या खांबाखाली, कोण उभं असतं? अच्युत वारियर मास्तर! वय शहाऐंशी, हातात किटली, दूधवाल्याची वाट बघत. गणिताचे मास्तर हो माझे! त्यांच्यासमोरून उघडे गुडघे दाखवत जायचं? माझ्या आईनं चुलीतलं लाकूड काढलं असतं! तेव्हा खांब आला की डावा हात आपोआप सुटतो, मुंडूची दुमड ओढतो, मुंडू सरळ पायांपर्यंत, फडफड फडफड, मी मान लववतो, वळण संपलं की पुन्हा खोचतो. सात वर्षं चाललंय हे. कॅमेरा आला तीन महिन्यांपूर्वी, आणि मुठीतली दुमड बघून ओरडला, मोबाइल! डोळा दिलाय हो त्याला, पण रीत नाही शिकवली!

बरं, बाहेरचे सोडा, घरचं काय? आमची रमणी चष्मा लावून पाचही फोटो बघते आणि म्हणते, "कुणाशी बोलत होता हो सकाळी सातला? आणि तेही मान खाली घालून! माझ्याशी बोलताना कधी खाली गेली नाही ती!"

गुरुवारी गाठलं ते कॅमेऱ्यांचं ऑफिस. तिथे शीबा मॅडम. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पण आवाज कसा, थंडगार! "चेट्टा, मशीन खोटं बोलत नाही." आम्हाला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायचं आणि गळा कापायचा! म्हटलं, "मॅडम, मुंडूला खिसा असतो का? मोबाइल काढणार कुठून?" तर म्हणते, "मग मुठीत आहे काय?" म्हटलं, "मान आहे, मॅडम! आदर!" तिनं पडद्यावर वर-खाली बघितलं, खरंच बघितलं हो, आणि म्हणाली, "आदराचा रकाना नाहीये. हेल्मेट आहे, पट्टा आहे, मोबाइल आहे, ट्रिपल सीट आहे, आणि इतर." म्हटलं, "इतरमध्ये घाला!" "इतरला साहेबांची सही लागते." "मग घ्या!" "साहेब सुरक्षेवर भाषणं द्यायला गेलेत, सोमवारी येतील." सोमवारी! आणि शाल शनिवारी! शेवटी म्हणाली, "ज्यांना मान दिलात त्यांना घेऊन या. ते हो म्हणाले तर मी माझ्या सहीनं नोटीस रद्द करते."

शुक्रवारी मास्तरांना रिक्षात घातलं. काय सांगू तुम्हाला, मास्तर दारात आले आणि आख्खं ऑफिस उभं! निम्मे त्यांच्याच हातच्या छड्या खाल्लेले! दोन कारकून मुंडू दुमडून चहा पीत होते, त्यांचे हात गेले कंबरेला, आणि सर्रकन मुंडू खाली! मी नाचलोच, "बघा मॅडम, बघा! हेच! हाच तो मोबाइल!" आणि शीबा मॅडम, देवाशपथ, हसली. पेन उघडलं. "मास्तर, नुसतं विचारायचं म्हणून विचारते हं. हे गंगाधरन रोज तुम्हाला बघून मुंडू सोडतात ना?"

मास्तर म्हणाले, "कोण गंगाधरन?"

अहो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! दहा वर्षं! "कुणीतरी जातं खरं रोज स्कूटरवरून," म्हणाले, "फडफड ऐकू येते. मला वाटायचं, मासळीवाल्याची ताडपत्री सुटलीय." आणि खोटं? गणिताचे मास्तर ते, मेले तरी बोलायचे नाहीत! मॅडमनं पेन बंद केलं. हळूच केलं, तेवढी माया दाखवली.

शाल मिळाली आमच्याच गावच्या वर्कीला. त्याची जीप दोन वर्षं फणसाखाली उभी आहे, चाकावर मिरीचा वेल चढलाय. एकही गुन्हा नाही! कसा असेल? माझे सासरे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, मी बघितलं. फार लागलं हो मला. शालीचं नाही एवढं... पण सात वर्षं मी ज्यांच्यासाठी मुंडू सोडतोय त्यांना दिसलंच नाही, आणि दिसलं कुणाला, तर त्या खांबावरच्याला! डोळा दिलाय त्याला, रीत नाही शिकवली, आणि तरी बघणारा तोच एक!

म्हणून आता पक्कं ठरवलंय. खांब आला की स्कूटर थांबवतो. खाली उतरतो. दोन्ही हातांनी मुंडू सोडतो, हात जोडतो आणि मोठ्यानं म्हणतो, "मास्तर, मी गंगाधरन!" आता ठेवा नाव कुणाला ठेवायचं ते!

परवा नोटीस आली. धोक्याच्या वळणावर गाडी उभी केल्याबद्दल.

फोटो मात्र झकास आलाय हं. मी हात जोडून उभा, आणि मास्तर अगदी प्रेमानं हात वर करून आशीर्वाद देतायत... खांबाला. रमणीनं फ्रेम करून लावलाय. शालीसाठी खिळा ठोकून ठेवला होता ना, तिथे.