कागदांवर ठेवलेली हार्ड डिस्क

चहात आल्याचा मोठा तुकडा आला तर मला नावं ठेवू नका, आमच्या ह्यांना ठेवा.

लेकीच्या लहानपणी घेतलेला आमचा कॉम्प्युटर हार्ड डिस्क गेल्यापासून बंद होता. त्याला तशीच जुनी, छोटी डिस्क लागते. लखनौभर दुकानदार ह्यांना हसायचे. मीही सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत सुरू झाला नाही तर कबाडीवाल्याला देणार.

मग इथल्याच कपूरथला बाजारातल्या एका दुकानात ह्यांना नेमकी तशी डिस्क दिसली, बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवलेली.

दुकानदार म्हणाला, "साहब, ये बेचने की नहीं है. पंखे से काग़ज़ उड़ते हैं, इसलिए रखी है."

"इससे भारी चीज़ लाऊँ तो देंगे?"

"ले आइए."

हे तडक घरी आले आणि माझ्या खलबत्त्यातला बत्ता घेऊन गेले. मला न विचारता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. यंदा दिवाळीला सुट्टी नाही म्हणत होती. मी तिला बत्त्याचं गाऱ्हाणं सांगतेय, तेवढ्यात आतल्या खोलीतून घरघर सुरू झाली. तिने फोनवरूनच तो आवाज ओळखला.

"मम्मी, अपना कम्प्यूटर चालू हो गया क्या?"

"झाला वाटतं."

"किसी को देना मत. मैं आ रही हूँ."

आता ह्यांना रागवायचं तरी कसं? मी चहा टाकला. आलं ठेचायला बत्ता नव्हता, तर ह्यांनी ती बंद पडलेली जुनी डिस्क धुऊन माझ्या हातात दिली. तेव्हापासून तीच वापरतेय. पकड बत्त्यापेक्षा बरी आहे, पण ह्यांच्यासमोर मी तसं म्हणत नाही.