आजोबांच्या दुखण्यांना गिऱ्हाईक

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा होते. नर्स त्यांना फॉर्म समजावत होती.

"आजोबा, तुमच्या आजारांची माहिती संशोधनाला द्याल? ज्याला जे लागू पडेल ते औषध शोधायला सगळ्या तऱ्हेच्या माणसांची माहिती हवीय. जगभरचे डॉक्टर वाचतील."

"ऐकलंस?" आजोबा आजींकडे वळले. "घरात मी तोंड उघडलं की सगळे उठून जातात!"

"फक्त तुमचं नाव काढून टाकू."

"म्हणजे एवढी जपलेली दुखणी बेवारस करायची?"

"अहो, करा सही," आजी म्हणाल्या. "कुणीतरी ऐकतंय ना!"

"आणि आजी, तुमची माहिती?"

"माझी? लिहा. दोन्ही गुडघे, बारा वर्षं."

"तुझे गुडघे दुखतात? कधी बोलली नाहीस!"

"तुमचं संपायची वाट बघत होते."