साडूच्या दारात चार्जिंग

डिझेल घेऊ का इलेक्ट्रिक, हे मला कोणी इचारू नका. याच्यावरूनच माझं साडूसंगं वाजलं होतं. तो म्हणे, "डिझेलच घ्या, भरवशाची राहते." मी इलेक्ट्रिकच घेतली, वर त्याच्या गाडीला धुराडं म्हणलो. तवापासून त्याच्या घरची पायरी चढलो न्हाई.

परवा नांदेडहून हिंगोलीला येत होतो. ज्या चार्जिंग स्टेशनच्या भरवशावर निघालो, ते बंद. वाटेत आखाडा बाळापुरात गाडी मरायला टेकली, अन् तिथं ओळखीचं घर एकच, साडूचं.

साडू ओट्यावरच बसलेला. मी खाली मान घालून म्हणलो, "प्लग पाहिजे होता." त्यानं आत जाऊन खिडकीतून वायर बाहेर दिली. मी गाडीला जोडली अन् लाईट गेली.

चहा झाला, जेवण झालं, दोघांची एकेक झोप झाली. लाईट काही येईना. शेवटी मीच वैतागलो. "हसून घ्या एकदाचं. तुमचीच डिझेल बरी."

"न्हाई साडूभाऊ, तुमचीच बरी," तो म्हणला. "डिझेल असती तर आजबी दारावरून सरळ निघून गेले असते तुमी."