नारिंगी वायर

नाही, नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय – इथे बसा. तर चौकशीला आलात, करा की चौकशी. लिहा. गेल्या मंगळवारी, भर दुपारी, वीसच्या वीस सर्व्हर आडवे, खाली नोंदणीच्या खिडक्यांवर माणसं खोळंबलेली – आणि का? तर आमच्या ऑपरेटर ताईंनी वायर काढली. बावीस वर्षं नोकरी झालेली बाई! रॅक पुसताना एकच काढली म्हणतात. रडत रडत तेच – एकच हो, निळी. आता निलंबित होऊन घरी बसल्यात, परवा निकाल, नोकरी जाणारच. वाईट वाटतं, नाही असं नाही – पण एका वायरीने वीस सर्व्हर झोपतात होय? काहीतरीच!

समजावतो. पूर्वी प्रत्येक सर्व्हरच्या पोटात स्वतःची डिस्क. ती गेली की तो एकटा गेला, बाकीचे चालू – आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन धावतोय. मग आमचे मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले, ते तरंगतच आले! सगळ्या डिस्का काढा, म्हणे, पलीकडच्या खोलीत स्टोरेजचं एकच मोठं कपाट ठेवा, सर्व्हर सुरू व्हायचे तेही नेटवर्कवरून, त्या कपाटातून. फायदे? आहेत ना, मी कुठे नाही म्हणतो! सर्व्हर मेला – नवा खोका लावा, कपाटातली तीच डिस्क दाखवा, चहा निवायच्या आत उभा. पण कपाटाची वाट तुटली, की सगळ्यांचाच गळा धरला! म्हणून तर वाटा दोन – निळी एका स्विचमधून, म्हणजे वायरी जोडायच्या डब्यातून, नारिंगी दुसऱ्यातून. वायरी कंत्राटदाराने ओढल्या, चिठ्ठ्या मी चिकटवल्या – अक्षर बघा, मोत्याचं – आणि ‘दोन्ही वाटा तपासल्या’ या कागदावर सहीही माझीच.

तपासल्या का? अहो, चालत्या गाडीचं चाक कोण काढून बघतं! दिवे हिरवे होते, झालं. ही खोली किती शांत आहे, बघितलंत? मीच केली. टेबलाखाली कंत्राटदाराची कसलीशी पेटी दिवसभर किर्र किर्र करायची, डोकं उठायचं नुसतं – महिन्यापूर्वी दिलं बटण बंद करून. काही अडलं कुणाचं? कुणाला पत्ताही नाही! तेच म्हणतो मी, इथे कुणाचं लक्षच नसतं.

असं बघू नका हो. पटत नाही? थांबा, दाखवतोच. ही निळी – घाबरताय काय, नारिंगी आहे ना! – ही काढली. बघा पडद्याकडे. चालू. म्हणजे… ते चाक फिरतंय नुसतं. फिरेल जरा. येईल… खाली कसला गलका? वाजू द्या हो फोन. नारिंगी लावलेली आहे, ही काय – इथून वर जाते, भिंतीवरून, खिडकीखालून, आणि उतरते ती…

माझ्या टेबलाखाली.

निळी घातली परत. आता एकेकाला उठवत बसायचं, वीस आहेत. ती वही इकडे करा. लिहा – ताईंनी एकच काढली होती. खरं बोलत होती ती बाई. खाली माझं नाव घाला, सही करतो. आता काय विचारायचं राहिलंय? उठा, आधी ताईंना फोन लावा. माझ्याकडे काय बघताय – लावा!