उमरग्याचे पोहे आन बाहेरची लायब्ररी

आईच्यान, सगळं खरं हाय. म्हणजे निम्मं तरी नक्की.

उमरग्याला पोरगी बघाय गेलो हुतो. पोरीच्या वडलांचं खताचं दुकान. ते म्हणले, "कंप्युटरवाले ना तुमी? मग ह्या बिलाचा फोटो कंप्युटरकडनं वाचून दावा."

म्या ऐटीत लॅपटॉप उघडला, फोटोतली अक्षरं वाचायचं पायथनचं मॉड्यूल टाकलं. चालवलं तर एरर, लायब्ररी सापडत न्हाय.

"काय झालं?"

"मामा, मॉड्यूल सोता वाचत न्हाय. ते बाहेरच्या लायब्ररीला हाक मारतंय, वाचती ती. ती येगळी बसवावी लागती."

"मग बसवा की."

मला कुठं येतंय. सगळे पावने बघाय लागले, पोरगी बी. मान खाली घालून हितं चहा पीत बसलेल्या ह्या आपल्या सोपानला फोन लावला. ह्यो सांगत गेला, म्या दाबत गेलो, आन बिल वाचलं.

मामा लई शांतपणे म्हणले, "म्हणजे मॉड्यूल लायब्ररीला हाक मारतंय, आन तुमी सोपानला."

"व्हय."

"त्या सोपानचं लग्न झालंय का?"

म्या पोहे तेवढे संपवून आलो. ह्याचं लग्न पुढच्या महिन्यात हाय, त्याच पोरीसंगं.

चहाचे पैसे जावईबापू देतील. काढ रं, सोपान्या.