पेटीतले लंगोट

— अन् दोन्ही पाय धरून असं वर नको टांगू तिले, कोंबडी हाये का ते? सरक. दे इकडं माह्याजवळ. भेऊ नको, मी काही पोरं पळवनारी बाई नाही, मी रुख्मिनी, जऊळक्याची. पयल्यांदाच एकटी निघाली वाटते लेकरू घेऊन? तरीच. कवाचं रडून राह्यलं अन् तू नुसती थोपटून राह्यली. भूक नाही लागली तिले, वल्ली झाली ते. पाह्य — बाकड्यावर आधी दुपटं टाक, त्याच्यावर लेकरू, मंग कमरेखालून हात घाल, हा असा, अन् उचल. चार बोटं बस झालं, जास्त नाही. आता वल्लं फडकं काढ. कोरडं टाकाच्या आधी पुस, कोमट पानी असन त बरं, नसन त हेच बाटलीतलं, पन पोरीच्या जातीले पुढून मागं पुसा लागते. मागून पुढं कधीच नाही. कोनी सांगितलं नाही का तुले? तुही सासू? — नाही? बरं, राहू दे, नाही इचारत.

लगेच नको बांधू. वारं लागू दे जरासं. लोकं काय करतात, पुसलं की बांधलं, मंग जांघेत लाल होते अन् पावडर थापत बसतात. सुकू दे, खोबऱ्याचं तेल असन त एक बोट लाव. घडी अशी घाल — कोपऱ्यावर कोपरा, तिकोन झाला का? पोरीले जाड घडी बुडाखाली, पोराले पुढं. अन् गाठ बोंबीवर नाही मारायची, बाजूले मारायची, दोन बोटं आत गेली पायजे एवढी सैल. जऊळक्यात कोनाच्या घरी बाळंतीन झाली की मले बोलावनं येते — येत होतं. रुख्मिनीबाईच्या हातचे लंगोट म्हनत लोकं. तीस वर्षं झाले. दुसरं फडकं दे पिशवीतून. हे का? थांब.

काय पाहून राह्यली अशी? वास घेतला म्हनून? आता सवय लागली माय मले. कोनाचंही लेकराचं कापड हातात आलं की आधी नाकाले जाते. साबनाचाच येते तुह्या कापडाले, चांगलं हाये. पेटीतलं नाही ना? दोरीवरचं? उन्हातलं? बरं. बांध मंग. — ते रिसोडची होती का गाडी? जाऊ दे, जाऊ दे. मागून एक हाये अजून. सकाळपासून दुसरी सोडली मीनं. घाई नाही मले. रिठदले जाचं हाये, माह्या सुनेच्या माहेरी. मंजुषा नाव तिचं. तुह्याच वयाची असन, तुह्यावानीच पाय धरून टांगत होती लेकराले सुरुवातीले. नातू हाये मले, किशन. चार महिन्यांचा होईन आता.

कसं हाये, पयलं बाळंतपन माहेरी असते, पन तिच्या मायचा पाय मोडला होता ऐन टायमाले, म्हनून आमच्याकडंच केलं. मले त उलट आनंद झाला! माह्या हातानं करीन म्हनलं सारं. अन् आमच्यात रीत हाये — तुमच्यात असन बी — लेकराच्या अंगाले कोरं कापड लावत नाहीत. मोठ्या मानसाचं वापरलेलं पायजे, मऊ असते, अन् ज्यानं लय उमर काढली त्याचं असन त आयुष्य लागते लेकराले. माही सासू नव्वद वर्षांची होऊन गेली. तिचे चार लुगडे होते, लोखंडी पेटीत जपून ठेवले होते मीनं, सहा वर्षांपासून. कसर लागू नये म्हनून दरसाली मूठभर डांबर गोळ्या टाकत होती. पांढऱ्या असतात ना, मुतारीत टाकतात त्या. त्या लुगड्याचे चाळीस लंगोट फाडले मीनं. चाळीस! कडा दुमडून, हातशिलाईनं. बायका पाहाले येत होत्या.

धुवून, दोन उन्हं देऊन मंगच बांधा लागतात ते, मले काय माहीत नाही? मी दुसऱ्याले सांगत फिरनारी बाई. पन झड लागली होती. आठ दिवस सूर्य दिसला नाही, धुतलेलं कापड तीन-तीन दिवस वल्लंच. वल्लं कापड लेकराले कसं बांधू? सर्दी होईन म्हनलं. मंग पेटीतून काढले, झटकले, बांधले. कोरडे होते ना. तेवढंच पाह्यलं मीनं. मंजुषा म्हने, आत्याबाई, याले लय वास येते, माहं डोकं दुखून राह्यलं. मी म्हनलं, तुहं नाक लय नाजूक हाये बाई, माह्या सासूचं लुगडं हाये ते. तिच्या भावानं विकतच्या डायपरचं पाकीट आनलं होतं. ते मी माळ्यावर टाकलं. प्लास्टिक बांधते का कोनी आठ दिवसांच्या लेकराले, असं म्हनलं. सगळ्यांसमोर म्हनलं.

तीन-चार दिवसांनी लंगोट धुवाले घेतला त — लहान लेकराची मुती पान्यावानी असते, डाग दिसत बी नाही. त्याचा डाग कोऱ्या चहावानी पडला होता. मी पाह्यला अन् घासून काढला. कोनाले सांगितलं नाही. म्हनलं, हिनं काही गरम खाल्लं असन, दुधातून उतरलं. एक दिवस गेला त्याच्यात. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे, तळहात पिवळे, दूध ओढेना, रडेना. रडेना ना माय! रडलं असतं त बरं झालं असतं. वाशीमले नेलं, वाशीमच्या डॉक्टरनं अकोल्याले पाठवलं, तिथं निळ्या लाइटखाली ठेवलं त्याले डोळ्याले पट्टी बांधून, अन् दोन खेप रक्त दिलं. — हाये हाये, जिवंत हाये. चांगला हाये. घाबरू नको. तुहीले काही नाही, गुलाबी हाये ते.

पन वाशीमच्या डॉक्टरनं इचारलं होतं. तेच सांगून राह्यली. बाई होती डॉक्टर, तुह्यापेक्षा जराशी मोठी. म्हने, आजी, बाळाचे कपडे पेटीतले होते का? घरात डांबर गोळ्या वापरता का? नीट आठवून सांगा म्हने, काही लेकरांच्या रक्तात एक गोष्ट कमी असते, त्याइले त्या गोळीचा वास बी चालत नाही, रक्त फुटते आतल्या आत. अन् मी काय म्हनलं? नाही म्हनलं. नवे शिवले म्हनलं, बाजारातून कापड आनून. कायले म्हनलं मी तसं? आजवर इचारून राह्यली मी सोताले. माहा पोरगा, नवीन, उभा होता बाजूले. मंजुषा बाकड्यावर बसली होती, लेकरू मांडीवर. तिनं मान वर केली अन् मले पाह्यलं. नुसतं पाह्यलं. डॉक्टर पुन्हा इचारे, मी पुन्हा नाही. तीन खेपा नाही म्हनलं बाप्पा, लेकरू समोर पिवळं पडलेलं असून.

अन् अकोल्याले नेलं तवा मी कपडे आनतो म्हनून घरी आली, अन् राहिलेले सारे लंगोट चुलीत घातले. — हे नव्हतं सांगाचं मले. हे कोनालेच माहीत नाही. जाऊ दे, तू कुठं ओळखते मले.

मंग तिथल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, हो, रक्तातला दोष हाये, जन्मापासूनचा, अन् हा दोष आईकडून येते. झालं! मीनं तेवढंच धरलं. आईकडून येते. पुढचं ऐकलंच नाही, का दोष असला तरी लेकरू चांगलं राह्यते, गोळीपासून दूर ठेवलं की बस. मी घरी येऊन सांगत सुटली — हिच्याच रक्तात हाये, हिच्या मायनं लपवून ठेवलं, आमची फसवनूक झाली. शेजारनीले सांगितलं, नंदेले सांगितलं, नवीनले त रोज सांगितलं, ताट वाढता वाढता. पोरगं माहं भोळं. त्यानं बोलनं टाकलं तिच्याशी. भादव्यात ते लेकरू घेऊन रिठदले गेली, तवापासून तिथंच. दोन महिने झाले, त्यानं लेकराचं तोंड पाह्यलं नाही. अन् आता सोमवारी वाशीमले वकिलाकडं जाऊन राह्यला. सोडचिठ्ठीचा कागद कराले. काल रातच्याले जेवता जेवता बोलला अन् माही पोळी तव्यावर जळून गेली.

मंजुषानं निरोप धाडला होता ना दसऱ्याच्या टायमाले! परत येतो म्हने मी. काही नाही पायजे मले. फक्त आत्याबाईनं एक खेप यांच्यासमोर सांगावं, लंगोट कुठले होते. एवढंच. मीनं तो निरोप नवीनपर्यंत जाऊच दिला नाही. सोता काहून नाही सांगत ते त्याले, म्हनते? मीही हाच इचार करत होती. सांगितलं असतं त तो म्हनला असता, मायवर आळ घेते. तिले माहीत हाये तो कसा हाये. तिले माहीत हाये मी कशी हायो.

म्हनून चालली मी रिठदले. पाया पडतो तिच्या. लहान हाये तरी पडतो, नाक घासतो, तिच्या मायसमोर घासतो. पन नवीनले सांगाले नको लावू म्हनतो. तेवढं सोडून काहीही सांग. एकच पोरगा हाये मले, त्याच्या डोळ्यातून उतरली की मंग कुठं जाऊ मी? येईन ना ते? तुले काय वाटते, येईन का? तू आली असती का?

नाही म्हनते. मान हालवते सरळ! तुले काय जाते माय मान हालवाले, तुह्या घरचं हाये का? सांगून टाका म्हने. सांगून टाका! सोपं हाये का ते? पोराले असं सांगाचं, का बाबा तुह्या लेकराले मीनं — अन् अशी नको पाहू माह्याकडं. तिनं बी असंच पाह्यलं होतं दवाखान्यात. राग नाही, काही नाही. नुसतं.

…बरं, इकडं दे तिले माह्याजवळ. दे म्हनतो ना, अन् हा फोन घे माहा. चष्मा घरी राह्यला. नवीन लिहेल असन पाह्य, सगळ्यात वर. दाब. — लावला? लगेच लावला का तू! कायले एवढी घाई — वाजून राह्यला. घे तुही पोर, घे.

हॅलो. नवीन? हां, मी बोलून राह्यली. शिरपूरले, स्टँडवर. नाही, तब्येतीले काही झालं नाही. जेवला का तू? …काय? ऐकू येत नाही मले, मळनी चालू हाये का सोयाबीनची? मशीन बंद कर बरं जराशी. कर ना रे बाप्पा, मी म्हनतो ना. …हां. बंद केली? ऐक. वाशीमच्या डॉक्टरीन बाईनं मले इचारलं होतं, आठवते का, लंगोट पेटीतले हायेत का म्हनून. मी नाही म्हनलं होतं. पेटीतलेच होते ते. तुह्या आजीच्या लुगड्याचे. गोळ्या मीनंच टाकल्या होत्या. धुतले बी नव्हते. मंजुषाले वास आला होता रे, तिनं सांगितलं होतं मले, मीनंच तिले चूप बसवलं. …हो. …हो, तू बाजूलेच उभा होता. …जाळले. मीनं. तिचं काहीच नाही त्याच्यात, अन् तिनं निरोप धाडला होता, तो बी मीनं दाबला. वकिलाकडं नको जाऊ. लेकराले पाहाले जाय. …नवीन? …बोल ना रे. शिव्या दे. …हॅलो?

कटला का हा, पाह्य बरं, मले दिसत नाही. …चालू हाये? नीट पाह्य. …चालूच हाये म्हनते. बोलून नाही राह्यला.

जा माय, तुही गाडी लागली. लेकराच्या डोक्यावर पदर घे, वारं हाये. माही पिशवी राहू दे तिथंच. जा तू.