समुद्राच्या बाजूची खिडकी

ठेवा, विश्वास ठेवून दाखवा! सुनेनं ठेवला नाही, इस्त्रीवाल्यानं ठेवला नाही, तुम्ही काय ठेवणार म्हणा... पण मी अख्ख्या बेटाची सहल करून आले आणि समुद्र बघितला नाही! हसा, आधी हसून घ्या. बेट म्हणजे काय हो? चौथी पास बाईलासुद्धा ठाऊक आहे, चारी बाजूंनी पाणी! आणि मला काय दिसलं? दरड!

आता तुम्ही म्हणाल, बोटीनं गेलात ना? गेले की! पण बोटीत माझं डोकं जे पिशवीत गेलं ते बंदर आल्यावरच बाहेर निघालं, आणि बंदरात माणसांच्या गर्दीत पाणी कुठलं दिसायला! म्हटलं, असू दे, बसमधून बघू. बहात्तर वर्षं कॅलेंडरवर बघतेय, एकदा खराखुरा डोळे भरून बघू, मग गुडघ्यांनो, तुम्ही खुशाल संपावर जा.

बरोबर कोण, तर माझी थोरली जाऊ. बाई मोठी. मनानं... नाही हो, मापानंच. बसमध्ये दोन खिडक्या राहिलेल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी बघितलं, डावीकडे समुद्र, पण ऊन भाजून काढतंय. माझं डोकं चाललं! जाताना हिला भाजू दे, येताना संध्याकाळचा गार समुद्र आपल्या बाजूला. गावाला जाताना देऊळ डावीकडे असलं तर येताना उजवीकडेच येतं ना? मग! अगदी गोड आवाज काढला, "जाऊबाई, तुम्ही मोठ्या. तुम्ही बसा समुद्राकडे."

ती बसली. हातभर टोपी घातली. झालं, समुद्र बंद!

पुढे तो माईकवाला. पोरगेलासा, पण आवाज असा की जणू समुद्र त्यानंच भरून ठेवलाय. "डावीकडे बघाऽऽ, निळाशार समुद्र! उजवीकडे बघाऽऽ... डोंगर." डोंगर म्हणताना त्याचा स्वतःचाच जीव रमेना! अख्खी बस डावीकडे आऽ ऊऽ करतेय, आणि इकडे मी आणि दरडीवरची एक बकरी एकमेकींकडे बघतोय. एकदा उतरवलं, तेही मोरीसाठी, आणि ती मोरी कुठे? डोंगराच्या पोटात!

दोन तासांनी विचारलं, "बाळा, बस परत कधी फिरणार रे?"

"फिरतच नाही आजी! गोल रस्ता आहे. बेटाला वळसा घालून थेट बंदरात. समुद्र कायम डावीकडे!"

कायम! आणि ती टोपी वळली, म्हणते कशी, "तूच दिलीस हो जागा. केवढं मन तुझं!"

मग रस्ता चढायला लागला डोंगरात. वळणं म्हणजे अशी की बसचं तोंड पुढे आणि शेपूट शेजारच्या गल्लीत. डावीकडे दरी, समुद्र कुठेतरी खोल खाली. मी हळूच वाकले, "जाऊबाई, घाबरू नका हं... पण तुमच्या बाजूचं मागचं चाक मघाशी रस्त्यावर नव्हतं."

"काय सांगतेस!"

"तुमच्या बाजूला वजन जरा... जाऊ दे. ड्रायव्हरनं पण आत्ताच जांभई दिली."

पापणी लवायच्या आत बाई उठली! "सरक गं, तू बस तिकडे. माझ्या नातीचं लग्न व्हायचंय अजून!" माझ्या नातीचं काय झालंय हो? ते जाऊ दे. मी बसले! डावीकडे! खिडकीत! नाक काचेला लावलं... आणि धुकं. पांढरं फटक! पुढच्या खिडकीतून बाहेर काढलेला हात दिसेना, समुद्र कुठला दिसतोय? माईकवाला म्हणाला, "खिंड ओलांडली की मोकळं होईल." मी काच पदरानं पुसते, पुन्हा पुसते, जसा काही समुद्र काचेलाच चिकटलाय. खिंड ओलांडली. धुकं फाटलं. रुमालाएवढं निळं दिसलं, आई शप्पथ दिसलं! आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

पुढे दरड कोसळलेली. रस्ता बंद.

"काळजी नको मंडळी! आल्या रस्त्यानं परत जाऊ!"

आल्या रस्त्यानं! बस फिरवली. आता माईकवाला कोकलतोय, "उजवीकडे बघाऽऽ, समुद्र! डावीकडे..." डावीकडचं मला कशाला सांगतोय, आम्ही ओळखतो आता एकमेकींना, मी आणि ती दरड.

मी धावले जाऊबाईंकडे, "उठा, आता तुमच्या बाजूला दरी आलीय, बदलू या!" बाईनं एक डोळा उघडला. "नको गं. मेले तर मेले. एकदा उठवलंस, आता मी हलत नाही." पडदा ओढला, टोपी तोंडावर घेतली आणि बंदरापर्यंत घोरली. संध्याकाळचा गार समुद्र तिच्या कानाशी वाहतोय, आणि ती घोरतेय! परतीच्या बोटीत? माझं डोकं पुन्हा पिशवीत!

आता कालपासून सगळ्या आळीला सांगत सुटलीय, लाटा कशा, रंग कसा, सूर्य कसा बुडाला. बायका तोंडात बोट घालून ऐकतात. मीही जाऊन बसले ऐकायला. काय करणार? मला तरी कुठून कळणार समुद्र कसा होता!

तुम्हालाही तेच ऐकायचं असेल तर तिचं दार पलीकडे आहे. माझ्याकडे दगड आहेत, बकरी आहे. नको? मग उठा, निघा आता!